आवणी, ताप आणि लसीचा दिवस

भीमाशंकरच्या वाटेवर, तळेघरच्या आसपास भाताची आवणी लागली की घरात माणूस सापडत नाही. लसीचा दिवस नेमका तेव्हाच येतो. बर्फाच्या पेटीत 2 ते 8 अंशांत जपलेली लस वाडीवर पोचते आणि आई चिखलात वाकलेली!

मला विचाराल तर आवणीपेक्षा तापच जास्त आडवा येतो. दीड महिन्याच्या बाळाला पेंटाव्हॅलंट लस टोचली की रात्री अंग तापतं. आजी म्हणते, “खेळतं लेकरू आजारी पाडलं.” हा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, एवढं आशाताईंनी आधीच आजीच्या कानावर घालावं.

आणि वाडी सोडून कामाला नारायणगावकडे उतरताना बाळाचं लसीकरणाचं कार्ड पिशवीत ठेवा. डोस चुकला तरी पहिल्यापासून सुरुवात नको. राहिलेला डोस तिथल्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो.