वाईत आपले स्वागत असो

आदरणीय परिषदाध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, गावोगावहून आलेले वास्तुविशारद, अभियंते, गवंडी, सुतार आणि नवे घर बांधू किंवा जुने सावरू पाहणारे बंधुभगिनींनो,

पर्यावरणस्नेही घरबांधणी व घरदुरुस्ती परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने कृष्णाकाठच्या या वाईनगरीत मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

वाईत आलेल्या पाहुण्याला आम्ही आधी घाटावर नेतो. आपणही जाल. महागणपतीचे, म्हणजे आमच्या ढोल्या गणपतीचे, देऊळ 1762 साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधले. दर्शन घेतल्यावर कृपा करून देवळाच्या मागे जा. तिथली भिंत माशाच्या आकाराची निमुळती केलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर फाटते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. नदी अडवायची नाही, तिला वाट द्यायची, हे त्या पाथरवटांना पक्के ठाऊक होते. आपल्या परिषदेचा विषय या भिंतीत आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

पण वाईची खरी थोरवी दगडात नाही, विद्येत आहे. 1916 साली नारायणशास्त्री मराठे यांनी इथे प्राज्ञपाठशाळा काढली. संन्यास घेतल्यावर ते केवलानंद सरस्वती झाले. सात खंडांचा मीमांसाकोश त्यांचा. 1917 साली विनोबा भावे प्रकृतीसाठी वाईस आले, ते याच शास्त्रीबुवांपाशी उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे शिकले. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा लक्ष्मण जोशी नावाचा मुलगा इथे शिकायला आला आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी झाला. 1955 साली साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पहिला पुरस्कार त्यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला मिळाला. मराठी विश्वकोशाचे काम त्यांनी मुंबई-पुण्यात नव्हे, वाईत उभे केले आणि 1976 साली पहिला खंड बाहेर पडला. तर्कतीर्थांचे नाव महाराष्ट्र जाणतो. त्यांच्या गुरूंचे नाव मात्र आज वाईतल्या शाळकरी मुलालाही सांगावे लागते, याची मला फार खंत आहे. म्हणून आजच्या सभामंडपाला आम्ही केवलानंद सरस्वतींचे नाव दिले आहे.

शास्त्रीबुवांचा घरबांधणीशी काय संबंध, असे कुणी विचारील. थेट संबंध नाही, हे मान्य. पण चुनखडकापासून सिमेंटपर्यंत सगळ्याच्या नोंदी विश्वकोशात आहेत आणि ते काम ज्या परंपरेत वाढले ती शास्त्रीबुवांची आहे.

आता आमच्या वाड्यांविषयी. त्यांच्यावर माझा जीव आहे. इथून जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. उद्याची सहल तिथेच आहे. जाड भिंती, सागवानी खांब, एकामागून एक चौक. वैशाखात ओसरीवर बसलात की पंख्याची आठवण होणार नाही. गावातले असे वाडे मात्र एकेक करून उतरवले जात आहेत. जे उरले त्यांची दुरुस्ती कशी होते? चुन्याच्या दर्जांवर सिमेंटचा गिलावा मारतात. भिंतीतली ओल आतच कोंडते, वर्षा-दोन वर्षांत लोणा फुटतो, पोपडे निघतात आणि मग मालक म्हणतो, जुने घर, पाडूनच टाकू. मुरवलेला चुना असता तर ओल बाहेर पडली असती. सिमेंटसाठी चुनखडक सुमारे 1,450 अंशांवर भाजावा लागतो. जगभर माणसाच्या उद्योगांतून हवेत सोडल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण 8 टक्के या एका धंद्यातून येतो. उभे घर टिकवले तर तेवढे सिमेंट वाचते. लॉरी बेकर यांनी केरळात रॅट-ट्रॅप पद्धतीची पोकळ वीटबांधणी रुजवली. तिने भिंतीतल्या सुमारे पाव विटा वाचतात. आमच्या गवंड्यांना ती शिकवून जा, ही माझी आग्रहाची विनंती.

मात्र जुने ते सगळे सोने, असे मी म्हणणार नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप सातारा जिल्हा विसरलेला नाही. दगडमातीच्या भिंतींनी माणसे गाडली. मातीचे घर बांधा, पण भूकंपात उभे राहील असे बांधा, ही जबाबदारी आपण तज्ज्ञांनी घ्यावी.

आता व्यवस्थेविषयी. वाई लहान गाव. सर्वांची सोय एका ठिकाणी झाली नाही. काहींना मंगल कार्यालयात, काहींना घरोघरी उतरवले आहे. पहाटे गरम पाण्याला वेळ लागेल. गल्ल्या अरुंद, तेव्हा गाड्या बाहेर लावून चालत यावे लागले, याबद्दल क्षमस्व. घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या आहेत, जपून उतरा. मंडपावर प्लास्टिकचे छत आहे, ते मलाही खटकते; पावसाची धास्ती होती आणि दुसरे काही वेळेत मिळाले नाही. पाणी मात्र माठातले आहे, जेवण पत्रावळीवर आहे. जेवणात तिखट जास्त झाले तर वाढप्यांना सांगा, ताक भरपूर ठेवले आहे.

हळदीच्या व्यापारी बांधवांनी दोन्ही दिवसांच्या जेवणाचा भार उचलला. वीटभट्टीवाल्यांनी प्रात्यक्षिकासाठी विटा दिल्या, चुन्याची घाणी पसरणीच्या एका शेतकरी कुटुंबाने जोडून दिली, बैलांसकट. महिला मंडळाने चार रात्री जागून पिशव्या शिवल्या. शाळेने वर्ग मोकळे केले, नगरपालिकेने पाण्याचे टँकर दिले, आणि ज्यांनी नाव सांगू नका म्हणून पाकिटे हातात ठेवली त्यांचेही आम्ही ऋणी आहोत. कुणाचा उल्लेख राहिला असेल तर राग धरू नये.

परिषदाध्यक्षांना विनंती करतो की त्यांनी कामकाज सुरू करावे. चुन्याच्या प्रात्यक्षिकाला दुपारी तीन वाजता मागच्या अंगणात जमायचे आहे.