ऑनलाइन खेळ : मुलांना अधिकार कधी द्यावा?

(कुटुंब प्रबोधनाच्या निमित्ताने झालेल्या पालक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



घरातला अकरा-बारा वर्षांचा मुलगा एके दिवशी वडिलांसमोर येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "बाबा, वर्गातली सगळी मुलं खेळतात. मलाच का नाही?" त्याला हवा असतो तो मोबाईलवरचा, अनेकांनी एकाच वेळी खेळायचा ऑनलाइन गेम. वडील नाही म्हणतात. आई म्हणते, परीक्षा झाल्यावर बघू. आजोबा आपल्या काळातल्या विटीदांडूची आठवण काढतात. परीक्षा होते, सुटी लागते, आणि कोणीही निर्णय न घेताच मुलगा खेळू लागलेला असतो. 2020 साली महामारीत शाळाच मोबाईलवर आली. ज्या घरांनी आपल्या मुलांना तोवर मोबाईलपासून लांब ठेवले होते, त्या घरांतही तो मुलांच्या हाती गेला. तो परत घ्यायचा कसा, हे अनेकांना आजही उमगलेले नाही.

खेळ चांगला की वाईट, हा वाद आज बाजूला ठेवू. मुलाला परवानगी केव्हा द्यावी आणि ती कशावरून ठरवावी, एवढाच प्रश्न आपल्यासमोर आहे.

प्रथम हे खेळ समजून घ्यायला हवेत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मुले टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर किंवा संगणकावर एकेकटी खेळत. त्या खेळाला शेवट होता, तो मध्येच थांबवता येत होता, आणि पलीकडे फक्त यंत्र होते. आजच्या खेळात पलीकडे माणसे आहेत. पबजीसारख्या खेळात शंभर जण एका बेटावर उतरतात आणि शेवटी जो जिवंत राहील तो जिंकतो. डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो. चौघांचा गट असेल, तर एकाने मध्येच उठणे म्हणजे तिघांना वाऱ्यावर सोडणे. आई जेवायला हाक मारते आणि मुलगा "एवढी मॅच संपू दे" म्हणतो, तेव्हा तो दरवेळी उर्मटपणाच करत असतो असे नाही. खेळाची रचनाच त्याला उठू देत नाही. एक मॅच संपताच दुसरी समोर उभी असते, आणि रोज हजेरी लावणाऱ्याला बक्षीस मिळते. कबड्डीचा डाव अंधार पडला की थांबतो. या खेळाला अंधारच पडत नाही.

यात तीन गोष्टी नव्या आहेत : न संपणारा डाव, अनोळखी सोबती आणि पैसा. मूल तयार आहे की नाही, याचा विचार करताना या तिन्हींचा विचार करावा लागतो.

हे सारे सरकारने ठरवावे, असे अनेकांना वाटते. शासनाने प्रयत्न केलेही आहेत. 2019 च्या मार्च महिन्यात गुजरातमधील राजकोटमध्ये पबजीवर बंदी आली आणि खेळणाऱ्या काही तरुणांना अटकही झाली. त्याच वर्षी जानेवारीत 'परीक्षा पे चर्चा' कार्यक्रमात एका मातेने मुलाच्या ऑनलाइन खेळांची चिंता मांडली, तेव्हा पंतप्रधानांनी चटकन पबजीचे नाव घेतले आणि सभागृहात हशा पिकला. घरोघरची व्यथा देशाच्या व्यासपीठावर पोहोचल्याची ती खूण होती. पुढे गलवानच्या संघर्षानंतर, 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्राने 118 अॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाईल होता. राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. परंतु मुलांची ओढ काही त्या बंदीने गेली नाही. मुले 'फ्री फायर'कडे वळली. 2022 च्या फेब्रुवारीत त्यावरही बंदी आली. दरम्यान 2021 साली पबजीच नव्या नावाने, 'बीजीएमआय' म्हणून, परतला होता. 2022 मध्ये तो पुन्हा बंद झाला आणि 2023 मध्ये पुन्हा सुरू झाला. घरांपुरते बोलायचे, तर दर बंदीनंतर ये रे माझ्या मागल्या.

इतर देशांचा अनुभवही बोलका आहे. दक्षिण कोरियाने 2011 साली सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून पहाटे सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद केले, आणि दहा वर्षांनी तो कायदा मागे घेण्याचे ठरवले. चीनने 2021 साली अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढा एकच तास दिला. हुकूमशाहीला असे फर्मान काढता येते. आपल्या समाजाचा पिंड तसा नाही. आपल्याकडे मुलाला वळण लावण्याचे काम राजाकडे कधीच नव्हते, ते कुटुंबाकडे होते. म्हणूनच ही जबाबदारी दुसऱ्यावर टाकून आपल्याला मोकळे होता येत नाही.

मग खेळावर छापलेले वय पाहून ठरवावे काय? अमेरिकेत 1994 पासून ईएसआरबी हे मंडळ आणि युरोपात 2003 पासून 'पेगी' ही पद्धत खेळांना वयाचे आकडे देते. हे आकडे उपयोगी आहेत आणि पालकांनी ते जरूर पाहावेत. मात्र ते खेळातल्या चित्रांविषयी आणि हिंसेविषयी सांगतात. पलीकडचा अनोळखी माणूस मुलाशी काय बोलेल, हे कोणतेही मंडळ आधी तपासू शकत नाही. मुलांना आवडणारा, निरुपद्रवी दिसणारा बांधकामाचा खेळसुद्धा कोणाच्या सोबतीने खेळला जातो, यावर त्याची सुरक्षितता अवलंबून असते.

अनेक अॅपवर दिसणारा 'तेरा वर्षे' हा आकडा तर मानसशास्त्रातून आलेलाच नाही. 1998 सालच्या एका अमेरिकी कायद्याने तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा करण्यास मनाई केली आणि तेथून तो आकडा जगभर पसरला. तेराव्या वाढदिवशी मूल शहाणे होते, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. आपल्या देशाने 2023 सालच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आणि पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अट घातली. कायदा चांगला आहे. पण खेळाच्या नोंदणीत जन्मसाल खोटे भरायला मुलाला दहा सेकंद पुरतात, आणि कित्येक घरांत ते पालकच भरून देतात. सातवीतल्या मुलाने पहिले खोटे आई-वडिलांच्या साक्षीने नोंदवावे, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा.

मग कसोटी कोणती? आपल्या परंपरेत त्यासाठी एक शब्द आहे : अधिकार. आज आपण तो हक्काच्या अर्थाने वापरतो. जुन्या अर्थाने अधिकार म्हणजे पात्रता. गुरू विद्या देताना शिष्याचे केवळ वय पाहत नसे, तो ती पेलू शकेल का हे पाहत असे. आखाड्यातले वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी जोडीत उतरवत नाहीत. आधी माती उकरायची, जोर-बैठका काढायच्या, पडायचे कसे ते शिकायचे. ऑनलाइन खेळाचा अधिकारही असाच पारखून द्यावा.

पहिली कसोटी थांबण्याची. टीव्ही असो वा गोष्टीचे पुस्तक, ठरलेल्या वेळी मूल ते स्वतःहून बाजूला ठेवते का? दरवेळी हातातून ओढून घ्यावे लागत असेल, तर न संपणाऱ्या खेळासाठी ते अजून तयार नाही.

दुसरी कसोटी हरण्याची. शंभर जणांच्या खेळात नव्व्याण्णव हरतात. कॅरममध्ये राणी गेली म्हणून पट उधळणाऱ्या मुलाला तेथे रोज डझनभर वेळा हरावे लागेल, आणि तो राग धाकट्या बहिणीवर निघेल.

तिसरी कसोटी सांगण्याची, आणि ही सर्वांत महत्त्वाची. शाळेत कोणी वाईट बोलले, कोणी मारले, स्वतःची चूक झाली, तर मूल घरी येऊन सांगते का? ऑनलाइन खेळात कोणीतरी शिवी देईल. कोणी गोड बोलून फोटो मागेल, कोणी "हे घरी सांगू नकोस" म्हणेल. त्या क्षणी मुलाचे रक्षण पासवर्ड करत नाही. आई-बाबांना सांगितले तर ते ऐकून घेतील, हा विश्वास ते करतो. ज्या घरात खरे सांगितल्यावर आधी चापट मिळते, त्या घरातले मूल पुढच्या वेळी सांगणार नाही.

चौथी कसोटी घरची गोष्ट घरात ठेवण्याची. पूर्ण नाव, शाळा, पत्ता, ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हे मुलाला केवळ पाठ असून भागत नाही. का सांगायचा नाही, हे त्याला आपल्या शब्दांत सांगता आले पाहिजे.

पाचवी कसोटी पैशाची. 2025 साली संसदेने कायदा करून पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ बंद केले, ही समाजासाठी मोठी गोष्ट झाली. द्यूताने कुळे कशी बुडतात, हे महाभारत वाचणाऱ्या समाजाला नव्याने सांगावे लागत नाही. परंतु खेळातल्या पात्राचे कपडे, हत्यारांचे रंग, बंद पेट्या यांची खरेदी ही वेगळी बाब आहे. तेथे पैसे लावले जात नाहीत, ते थेट जातात. मुलाला वडिलांचा यूपीआय पिन ठाऊक असेल, तर रक्कम गेल्याचे महिनाअखेरीसच कळते. तेव्हा पिन मुलाच्या हाती नको. खाऊच्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या मुलाला मात्र ठरावीक रकमेची मुभा देता येईल.

या कसोट्यांवर नऊ वर्षांची एखादी मुलगी उतरेल आणि पंधरा वर्षांचा मुलगा उतरणार नाही, असे घडू शकते. थोरल्याला दिले म्हणून धाकट्याला त्याच वयात द्यायचे, असा नियम करू नये.

पात्रता दिसली तरी सारे एकदम देऊ नये. आधी एकट्याने खेळायचा, शेवट असलेला खेळ द्यावा. पुण्यातील एका संस्थेने 2020 साली आणलेला 'राजी' हा खेळ आपल्या पुराणकथांवर आधारलेला आहे. भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची ती कथा आहे. वयाला साजेसे असे खेळ शोधल्यास सापडतात. नंतर ओळखीच्यांचा बंद गट करावा. नागपूरच्या मुलाने अमेरिकेतल्या मावसभावाशी रविवारी तासभर खेळावे. दूर गेलेली नाती त्याने जवळच येतील. त्यानंतर अनोळखी खेळाडू, पण आवाज आणि लेखी संवाद बंद ठेवून. मोकळा संवाद सर्वांत शेवटी.

हे बंद आहे का, ते पालकांनी स्वतः उघडून पाहावे. कंपनीवर विसंबू नये. 'फोर्टनाइट' या प्रसिद्ध खेळाच्या कंपनीने मुलांसाठीही आवाजी संवाद आपोआप सुरू ठेवला होता. त्यासह मुलांच्या माहितीच्या गैरवापराबद्दल आणि फसव्या खरेदीबद्दल 2022 साली अमेरिकेत तिला एकूण 52 कोटी डॉलर मोजावे लागले. इतक्या श्रीमंत कंपनीची ही तऱ्हा, तर इतरांची काय कथा!

खेळण्याची जागा बैठकीची खोली असावी. रात्री मोबाईल आई-वडिलांच्या खोलीत राहावा. वेळ मिनिटांत ठरवण्याऐवजी मॅचमध्ये ठरवावी. "दोन मॅच, मग जेवण" हा करार मुलाला न्याय्य वाटतो आणि तो पाळलाही जातो. पहिले काही दिवस वडिलांनी शेजारी बसावे, जमल्यास स्वतः खेळून पाहावे. हरणाऱ्या वडिलांना शिकवताना मूल जे बोलते, ते एरवी विचारूनही कळत नाही.

मात्र आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? जेवताना वडिलांचा हात मोबाईलवर आणि आईची नजर रील्सवर असेल, तर मुलाला संयम शिकवण्याचा अधिकार त्या घराकडे राहत नाही. पात्रतेची पहिली परीक्षा पालकांची आहे.

एवढे करूनही पाऊल घसरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिले असून 1 जानेवारी 2022 पासून ती यादी लागू आहे. स्वतःवर ताबा न राहणे, बाकी सर्वांपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे आहेत. साधारणतः वर्षभर ती टिकली, तर डॉक्टर त्याला आजार मानतात. पालकांनी वर्षभर थांबू नये. झोप, शाळा आणि मित्र सुटू लागले की लगेच सल्ला घ्यावा. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत 2014 पासून यासाठी स्वतंत्र केंद्र चालते. मुलांसाठी 1098 आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी 1930 हे क्रमांक प्रत्येक घरात लिहिलेले असावेत. मुलाला व्यसन लागले म्हणजे घराण्याला बट्टा लागला, असे समजून झाकून ठेवणे हाच मोठा अपराध होईल.

अखेर एक गोष्ट. मुले या खेळांकडे केवळ गोळीबारासाठी जात नाहीत. गट असतो, कोणीतरी आपली वाट पाहते, आपल्याविना डाव अडतो, म्हणून जातात. ही भूक निकोप आहे. शाखेच्या मैदानावर, गल्लीत, वाड्याच्या अंगणात हीच भूक पूर्वी भागत होती. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारत विजयी झाला. आपल्या मातीतला खेळ जग खेळते आहे, आणि आपल्या वसाहतीतले मैदान मात्र संध्याकाळी गाड्यांनी भरलेले आहे. मुलाच्या हातातून मोबाईल काढून घेण्यापूर्वी त्याला सवंगडी मिळतील अशी जागा त्या गाड्यांमधून मोकळी करून देणे, हे आपल्या सर्वांचे काम आहे. ते एकट्या घराला जमणार नाही. दहा घरांनी मिळून आठवड्यातून दोन संध्याकाळी ठरवल्या, तर निश्चित जमेल.