कीबोर्ड आणि आर्डुइनो : दोघंही पाहुणे, मग वाढणार कोण?

आजचा एपिसोड छोटा आहे. यूएसबी कीबोर्ड आर्डुइनो ऊनोला कसा जोडायचा? ऐकायला दहा मिनिटांचं काम वाटतं ना? माझे तीन रविवार गेले.

आधी हे कशासाठी ते सांगतो. गेल्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अडकलं. समजतं सगळं, पण शब्द बाहेर येत नाही. फोनच्या स्क्रीनवर बोट नेमकं लागत नाही, मग चिडचिड होते. म्हटलं, साधा कीबोर्ड घेऊ, बटणांवर चित्रांचे स्टिकर लावू. एक दाबलं की 'पाणी', दुसरं दाबलं की 'पाठ दुखतेय' असा आवाज येईल. लॅपटॉप सुरू करा, पासवर्ड टाका, ही भानगडच नको. स्विच लावला की चालू.

पहिल्या रविवारी मी कीबोर्डची वायरच कापली. आत चार तारा. लाल-काळ्या तारांना ५ व्होल्ट दिले, हिरवी आणि पांढरी बोर्डाच्या दोन पिनांना लावली. कीबोर्डचे दिवे एकदा लुकलुकले आणि पुढे शांतता. बीटेक केलेला माणूस मी, पण मूळ गोष्टच विसरलो होतो.

यूएसबीमध्ये एक यजमान असतो, म्हणजे होस्ट. बाकीचे पाहुणे. पाहुणा स्वतःहून बोलत नाही. होस्ट दर काही मिलिसेकंदांनी विचारतो, 'काही नवीन?', तेव्हाच कीबोर्ड उत्तर देतो. करंटही होस्टच पुरवतो. आता ऊनोवर यूएसबीचं सॉकेट आहे, पण ते कॉम्प्युटरला जोडण्यासाठी. तिथे ऊनो स्वतःच पाहुणा! दोन पाहुणे ताटावर बसले, वाढणार कोण? तुमच्या फोनचंही असंच असतं. लॅपटॉपला लावला की तो पाहुणा, ओटीजी केबल लावून पेनड्राइव्ह जोडला की यजमान. फोनला दोन्ही भूमिका जमतात, ऊनोला नाही.

दुसऱ्या रविवारी जुगाड. जुन्या कॉम्प्युटरला असायचं ते गोल जांभळं पीएस/२ सॉकेट आठवतंय? काही जुने यूएसबी कीबोर्ड ती भाषाही बोलतात आणि ती ऊनोला दोन पिनांवर समजते. माझा कीबोर्ड नवा होता. त्याला ती येतच नव्हती. रविवार वाया.

तिसऱ्या रविवारी यूएसबी होस्ट शील्ड आणलं. ऊनोच्या डोक्यावर बसणारा हा बोर्ड. त्यावरची मॅक्स३४२१ई नावाची चिप यजमानाचं काम करते. लायब्ररी टाकली, उदाहरणातला कीबोर्डचा प्रोग्रॅम चालवला आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली! रास्पबेरी पाय पिको असेल तर शील्डही लागत नाही, कारण त्याचं यूएसबी होस्ट होऊ शकतं. फक्त ओटीजी अडॅप्टर हवा आणि ५ व्होल्ट बाहेरून व्हीबस पिनला द्यायचे.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, बरं का. साधा कीबोर्ड ८ बाइट पाठवतो. पहिल्यात शिफ्ट, कंट्रोल वगैरे, दुसरा रिकामा, उरलेल्या सहांत दाबलेल्या बटणांचे नंबर. इंग्रजी 'ए'च्या बटणाचा नंबर ४. बटण सोडलं की तिथे शून्य. त्या ४चा अर्थ काय, हे होस्ट ठरवतो. म्हणजे मी ठरवणार! आमच्या घरी ४ म्हणजे 'पाणी'. बाबांच्या बोटाखाली कधी दोन बटणं येतात, म्हणून आधी दाबलेलं तेवढंच धरायचं, असं प्रोग्रॅममध्ये लिहिलं. नंबर आला की एमपी३ मॉड्यूल माझ्या बहिणीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग वाजवतं.

एक सूचना : रंगीत दिव्यांचा गेमिंग कीबोर्ड घेऊ नका, तो करंट जास्त खातो. साधा, स्वस्त, वायरवाला घ्या. आणि काहीही विकत घेण्याआधी एकच प्रश्न विचारा : यात यजमान कोण? मी तो पहिल्या रविवारी विचारला असता तर एक कीबोर्ड वाचला असता.

पहिल्या दिवशी बाबांनी 'चहा' चार वेळा दाबलं. आई म्हणाली, "अरे, हे बंद करायचं बटण कुठंय?" बाबा हसले. बऱ्याच महिन्यांनी.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुम्ही काय जोडताय, ते नक्की कळवा!