घर आपले, जमीन कोणाची?



आमच्या आजोबांचे घर गावाबाहेर होते. घराखालच्या जमिनीचा कागद त्यांच्या नावे कधीच झाला नाही. असे असूनही लंडनमध्ये पहिला फ्लॅट पाहताना आम्ही निरखली ती स्वयंपाकघराची खिडकी! भाडेपट्टा अवघा 68 वर्षांचा उरला आहे, हे सॉलिसिटरने दाखविले. दलाल म्हणाला, "तुमच्या हयातीला पुरेल." पुरला असता; विकायला काढल्यावर मात्र गिऱ्हाईक मिळणे कठीण होते.

इंग्लंडमधील फ्लॅट बहुधा लीजहोल्ड असतात, म्हणजे जमीन दुसऱ्याची. मुदत 80 वर्षांखाली गेली की ती वाढविणे महाग पडते, आणि पुष्कळ बँका कर्ज देण्यास कचरतात. 30 जून 2022 पासूनच्या बहुतेक नव्या पट्ट्यांवर भुईभाडे नाही. सर्व्हिस चार्ज मात्र आहेच. त्याची मागील बिले अवश्य मागावीत.

विक्रेत्याचा होकार म्हणजे घर नव्हे. करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणीही मागे फिरू शकतो. आमचे दुसरे घर पाहणीचे पैसे भरल्यानंतर असेच अधिक बोली लावणाऱ्याकडे गेले. अदलाबदलीच्या वेळी बहुधा 10 टक्के रक्कम द्यावी लागते. पुढे माघार घेतल्यास ती बुडते. बँकेचे मूल्यांकन बँकेसाठी असते. भिंतीतली ओल शोधण्यास आपलाच सर्व्हेअर नेमावा.

तिसऱ्या घराची नोंद लँड रजिस्ट्रीत आम्हा उभयतांच्या नावे झाली. तिची प्रत आम्ही गावी वडिलांना पाठविली. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी नावांवरून बोट फिरविले आणि कागद ट्रंकेत ठेवला.