राउटर आपला, तर त्याची चावीही आपली

आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेच्या राउटरला कंपनीने अपडेट देणं थांबवलं. दुकानदार म्हणाला, "भंगारात टाका, नवीन घ्या." मी त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर चढवलं. मुलं आजही त्याच राउटरवर अभ्यास करतात.

हे फर्मवेअर आलं कुठून? २००२ च्या अखेरीस लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी राउटर बाजारात आला. त्याच्या आत लिनक्स आहे, हे पुढच्या वर्षी जाणकारांच्या लक्षात आलं. लिनक्सचा जीपीएल परवाना सांगतो, की वस्तू विकलीत तर तिच्यातल्या लिनक्सचा सोर्स कोडही द्या. लोकांनी तो मागितला आणि कंपनीला द्यावा लागला. त्याच कोडच्या आधारावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. नावातलं 'डब्ल्यूआरटी' त्या राउटरचंच.

यात मूळ प्रणाली फक्त वाचता येते. आपले बदल वेगळ्या थरात साठतात. सेटिंग बिघडलं, तर तो थर पुसायचा, मूळ शाबूत राहतं. लागतील तेवढीच पॅकेजेस टाकायची. म्हणून शिकताना चुकायला घाबरू नका. मात्र चढवण्यापूर्वी राउटरच्या तळाशी लिहिलेलं मॉडेल आणि व्हर्जन नीट जुळवा. चुकीची फाईल गेली, तर राउटर बंदच पडू शकतो.

त्या लोकांनी काही जादू केली नाही. परवाना शेवटपर्यंत वाचला आणि हक्काचं मागितलं. आपल्यालाही एवढं जमेल. आज घरी गेल्यावर राउटर उलटा करून बघा. सुरुवात तिथूनच होते.