मधुमेह आणि औषधोपचारातील सातत्य

(जागतिक मधुमेह दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलास इन्सुलिन प्रथम टोचण्यात आले. त्यानंतरच्या शतकात औषधे उदंड झाली. ती नियमितपणे घेतली जाणे मात्र अद्याप साधलेले नाही. दीर्घकालीन आजारांत विकसित देशांतही सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात नमूद केले. आपल्या देशात तर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे.

मधुमेह दुखत नाही, हीच मोठी अडचण. ताप उतरला की गोळी थांबवावी, ही आपली पिढीजात सवय. त्यामुळे ‘साखर नॉर्मल आली’ हे शब्द ऐकताच अनेकांना आजार संपल्यासारखे वाटते; ती गोळीमुळेच नॉर्मल आली आहे, हे ध्यानात येत नाही. शिवाय कारल्याच्या रसाची महती सांगणारे शेजारी असतातच.

तपासणीपूर्वी चार दिवस गोळ्या वेळेवर घेऊन आणि गोड टाळून उपाशीपोटीची साखर सुधारता येते. एचबीएवनसी चाचणी मात्र मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब मांडते. तो अहवाल पाहून रुग्णावर रागावू नये, असे आमचे ठाम मत आहे. रागावलेला डॉक्टर पुढच्या खेपेस खरे ऐकत नाही. चुकलेल्या गोळ्यांची माहिती दडली, तर औषध अपुरे पडते आहे असे समजून मात्रा वाढवली जाते. आणि मग घरच्यांच्या आग्रहाने सर्व गोळ्या नियमित सुरू झाल्या की साखर एकाएकी उतरून रुग्णास घाम फुटतो, प्रसंगी शुद्धही हरपते. दोष गोळीच्या माथी जातो आणि ती कायमची सुटते.

उपवासाचेही तसेच. एकादशी असो वा रमजानचा रोजा, ग्लिमेपिराइडसारखी गोळी रिकाम्या पोटी धोक्याची ठरू शकते. त्यावर उपाय आधी विचारून मात्रा व वेळ बदलून घेण्याचा. परस्पर सर्व औषधे बंद करण्याचा नव्हे. मेटफॉर्मिनने पोट बिघडते म्हणून ती सोडणारे पुष्कळ. जेवणासोबत घेऊन मात्रा हळूहळू वाढवल्यास हा त्रास बहुधा कमी होतो.

पैशाचा प्रश्न यांहून अवघड आहे, कारण तो कोणी उघड बोलत नाही. महिनाअखेरीस गोळी एक दिवसाआड होते. नवरा, सासू आणि मुले यांच्या औषधांनंतर उरले तर गृहिणीचे, हा क्रमही आम्हास परिचयाचा आहे. जनऔषधी केंद्रांमुळे आणि २०२२ मध्ये सिटाग्लिप्टिनचे पेटंट संपल्यामुळे काही भार हलका झाला. तरी रोजंदारीच्या घरात तो जाणवतोच.

येथे देणगीदारांशी थोडे स्पष्ट बोलावेसे वाटते. डायालिसिस यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. गोळ्यांच्या पट्टीवर येत नाही. यंत्रे हवीतच. परंतु नव्याने निदान झालेल्या मधुमेहींवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साखर काटेकोर राखलेल्या गटात डोळे, मूत्रपिंडे यांसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांशी निगडित उपद्रवांचा धोका २५ टक्क्यांनी कमी आढळला. २००८ मध्ये आढळले, की दोन्ही गटांच्या साखरेतील फरक अभ्यासानंतर वर्षभरात मावळला, तरी पहिल्या गटाचा लाभ पुढे दहा वर्षे टिकून होता. म्हणजे सुरुवातीच्या वर्षांतील गोळी सर्वांत मोलाची. आणि नेमकी तेव्हाच, काही होत नाही म्हणून, ती चुकवली जाते. गरजू रुग्णांना निदानानंतरची पहिली काही वर्षे मासिक औषधे पुरविण्यासाठी स्वतंत्र निधी असावा, ही आमची विश्वस्त मंडळास विनंती आहे.

आता आप्तांसाठी. घरातील औषधांच्या पट्ट्या सोबत आणण्याविषयी आपणांस कळविले होते. त्या कृपया पुढील मेजावर ठेवाव्यात. किती गोळ्या उरल्या, हे आपण एकत्र मोजू या.