अंगणातला नकाशा
(चांदूर रेल्वे येथे वनहक्क समित्यांच्या बैठकीत केलेले भाषण)

 

नकाशा म्हटलं की तलाठ्याचा कागद आठवते. तो लागतोच. पण मागच्या वर्षी आम्ही आमच्या गावात पारासमोर चुन्याची फक्की, राख आन गेरू घेऊन नकाशा काढला, त्याचं सांगतो.

गड्यांनी तासाभरात शीव, रस्ता, वावरं, नाका काढून हात झटकले. एक म्हातारी उठली. म्हणे, "हा त साहेबाचा नकाशा झाला, बाप्पा. पाणी कुठी हाय याच्यात? आमी मोहफूल वेचतो थे झाडं कुठी हायेत?" मग काठी बायांच्या हाती गेली. त्यांनी झिरा काढला, मोहाची झाडं खड्यांनी मांडली. ढोरक्यानं ढोरांची वाट ओढली. आन कशामुळं काय होते, त्याच्या रेघा आम्ही जोडत गेलो.

फागुनात मोहाखालचा पाला आपण जाळतो, फूल दिसावं म्हणून. आग तिथं थांबत नाही. गवत जळते, रोपटी जळतात. चैतात चारा नाही, म्हणून ढोरकी ढोरं वरच्या नाल्याला नेतो. ढोरं झिऱ्यात उतरतात, पाणी नासते. बाया पाण्याला पलीकडच्या नाल्यावर जातात. मोहफूल तर पहाटेचं! त्या परत येईस्तोवर ऊन चढते, फुलं ढोरं खाऊन जातात. उरलं ते ओलंच उधारीत जाते. वरून आगीची केस आपल्यावरच.

आम्ही पाच वर्षं नुसते विहिरीचे अर्ज देत होतो. विहीर अजूनही पाहिजेच. पण गड्यांना आग माहीत, ढोरक्याला वाट, बायांना झिरा. सगळं मिळून कोणालाच दिसत नव्हतं. ठरलं: पाला झाडायचा, जाळायचा नाही. झिऱ्याला काट्याचं कुंपण, ढोरांसाठी खाली वेगळा खड्डा.

यंदा झिरा वैशाखापर्यंत टिकला. आग मात्र एकदा लागलीच, शेजारच्या शिवेतून आली. उधारीही फिटली नाही.

त्याच नकाशात म्हाताऱ्यांनी जुनी विहीर, मसणवट, देवाची जागा दाखवली. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत या खुणा आन वडीलधाऱ्यांचं लेखी बयाण पुरावा म्हणून चालते. म्हणून तो कागदावर उतरवून दाव्याला जोडला. आपल्याच जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरला २०१२ मध्ये १९२ हेक्टरचा सामूहिक हक्क मिळाला. तिथले लोक आपलं सीताफळ स्वतः पेट्यांत भरून विकतात. मोहफुलाचं तसं करायचं तर आधी ते वाळवून ठेवायला कोरडी खोली पाहिजे. आमच्या नकाशात ती अजून नाही.

पुढची बैठक शेजारच्या गावासोबत, शिवेवर. ढोरक्यांना दिवसा येता येत नाही, म्हणून दिवेलागणीला ठेवली आहे. फक्की आम्ही आणू, कंदील तुम्ही आणा.